पलंगाखालच्या विटा

आमच्या पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली सहा वर्षे विटा होत्या. एकेका पायाखाली दोन, अशा चार. परसातल्या भिंतीचे काम झाल्यावर उरलेल्या ढिगातून यांनीच त्या निवडून आणल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बसवल्या. रात्री आडवे झाले की पोटातले आंबट पाणी घशापर्यंत येई, ठसका लागे आणि उठून बसल्याखेरीज जीव थाऱ्यावर येत नसे. पलंग डोक्याकडून उंच करा, असे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सुचवले होते. एखादी पाहुणी खोलीत डोकावून त्या विटांविषयी विचारी, तेव्हा मी ‘पाठीसाठी केलंय’ असे सांगून मोकळी होई. वजनाबद्दल बोलायला मला कधी संकोच वाटला नाही, कारण ते लपवण्यासारखे नव्हतेच. या जळजळीबद्दल मात्र मी फारशी कुणापाशी बोलले नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वजन कमी करण्याचे ऑपरेशन करायचे ठरले आणि ते कोणते करायचे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा माझे ९२ किलो वजन आणि नऊ वर्षांचा मधुमेह या दोन्हींपेक्षा त्या चार विटा अधिक महत्त्वाच्या ठरल्या.

माझी उंची १५४ सेंटिमीटर. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो बीएमआय, माझा ३८.८ होता. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या निकषांप्रमाणे ऑपरेशनसाठी हा आकडा ४० असावा लागे, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५. आपल्याकडचे सर्जन बरीच वर्षे ३७.५ आणि ३२.५ या मर्यादा धरत आले आहेत. आपल्यासाठी या मर्यादा खाली का, याचे उत्तर ज्या संशोधनातून मिळते त्यातले महत्त्वाचे काम पुण्यातच झाले, याची मला उगाचच फुशारकी वाटते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा तेवढेच वजन दाखवत असला तरी आपल्या अंगात चरबी अधिक असते, आणि तिच्यामागून येणारे आजारही आपल्याला लवकर गाठतात.

विमा कंपनीने मात्र माझा अर्ज फेटाळला. आरोग्यविम्याच्या ठरीव शब्दरचनेत बीएमआय ४० हवा, किंवा किमान ३५ असून सोबत गंभीर आजार हवा. त्यातला मधुमेह ‘अनियंत्रित’ असला पाहिजे आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार ‘तीव्र’ असला पाहिजे. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.९ होती आणि झोपेच्या तपासणीत विकार ‘मध्यम’ निघाला होता. नऊ वर्षे पथ्य सांभाळून, वेळेवर गोळ्या घेऊन साखर आटोक्यात ठेवल्याबद्दल मिळालेले ते बक्षीस होते. आम्ही मुदत ठेव मोडली.

त्याआधी मी ज्या पहिल्या दवाखान्यात गेले होते, तिथे माझा अर्ज वाचून होण्याच्या आतच ‘स्लीव्ह करून टाकू’ असे मला सांगण्यात आले. त्या डॉक्टरांनी एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. दुर्बिणीतून जठराचा बाहेरच्या वळणाकडचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक कापून काढायचा, म्हणजे केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते; आतड्याला हात लागत नाही, ऑपरेशन तुलनेने लवकर आटोपते, आणि भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः कापलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे पहिले काही महिने भुकेची कटकटही बरीच कमी होते. हे सारे खरे आहे आणि आज जगात हेच ऑपरेशन सर्वांत जास्त होते. मला खटकली ती त्यांची घाई. मोठ्या आवारांतल्या कपड्यांच्या दुकानांत ‘सर्वांना बसेल’ अशी चिठ्ठी लावलेले झगे असतात. ते मला कधीच बसले नव्हते, आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला नेमके ते झगे आठवले.

दुसरे सर्जन वयाने पन्नाशीचे होते आणि त्यांच्या टेबलावर कागद फार होते. त्यांनी वजन विचारलेच नाही. ते समोर लिहिलेले होते.

“मॅडम, रात्री झोपताना किती उशा घेता?”

मी “एकच” म्हणाले. ते खरेही होते.

“उशी एकच आहे,” हे शेजारच्या खुर्चीतून म्हणाले, “पण पलंगाखाली विटा आहेत.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि पुढची पंधरा मिनिटे त्या विटांवरच बोलणे झाले. आंबट पाणी आठवड्यातून किती रात्री येते, गोळी बंद केली तर काय होते, पहाटे आवाज बसलेला असतो का, दात शिवशिवतात का. मग त्यांनी माझ्याच रक्ततपासणीच्या अहवालाच्या पाठीवर जठर काढले. पखालीसारखे ते चित्र अजून माझ्यापाशी आहे. त्या पखालीची त्यांनी नळी केली आणि सांगितले की, पखाल सैल असते, तिच्यात जेवण मावते आणि दाब वाढत नाही. नळी अरुंद, तिच्यातला दाब जास्त, आणि शिवाय अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला नैसर्गिक कोनही या कापाकापीत बदलण्याची शक्यता असते. ज्याला आधीच आंबट पाणी येते त्याचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो, आणि ज्याला कधी आला नाही त्यालाही तो नव्याने सुरू होऊ शकतो. दुसऱ्या दिवशीच्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज, काही ओरखडे आणि जठराचा थोडासा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून वर सरकलेला दिसला. सहा वर्षे मी ज्याला ‘पित्त’ म्हणत होते त्याला आता फोटोसह नाव मिळाले होते.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. शिक्षकी पेशामुळे असेल, छापील पुरावा पाहिल्याखेरीज माझे समाधान होत नाही. फिनलंडमध्ये २४० रुग्णांपैकी कुणाची स्लीव्ह करायची आणि कुणाचा बायपास, म्हणजे आतड्याची वाट बदलण्याचे दुसरे ऑपरेशन, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवून, पुढे दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले होते. त्याचे निष्कर्ष त्याच वर्षी, म्हणजे २०२२ साली, प्रसिद्ध झाले. बायपासवाल्यांचे जादा वजन सरासरी ५०.७ टक्के उतरलेले राहिले आणि स्लीव्हवाल्यांचे ४३.५ टक्के. या फरकाने माझे मत फिरले नसते. पण दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेची सूज बायपासवाल्यांत ७ टक्क्यांना आणि स्लीव्हवाल्यांत ३१ टक्क्यांना आढळली. स्वित्झर्लंडमधल्या अशाच पाच वर्षांच्या अभ्यासात, आधीपासून आंबट पाण्याचा त्रास असलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांचा त्रास स्लीव्हनंतर वाढला होता. बायपासनंतर तो साधारण ६ टक्क्यांचाच वाढला. मधुमेहाच्या बाबतीत मात्र दोन्हींत लोक सांगतात तेवढे अंतर मला सापडले नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या १५० रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनी साखरेची सरासरी ६ किंवा त्याखाली असलेले बायपासवाले २९ टक्के होते, स्लीव्हवाले २३ टक्के आणि नुसती औषधे घेणारे ५ टक्के. ऑपरेशन आणि औषधे यांच्यात दरी आहे. दोन ऑपरेशनांत फार तर एका पायरीचा फरक.

बायपास म्हणजे हृदयाचे ऑपरेशन, असाच आमच्या सासूबाईंचा शेवटपर्यंत समज होता. हा बायपास पोटातला. जठराचा वरचा जेमतेम ३० मिलिलिटरचा, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या दोन टोपणांएवढा, कप्पा वेगळा करतात आणि लहान आतडे कापून त्याचे एक टोक या कप्प्याला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते. त्यातले पाचक रस आणि पित्त दुसऱ्या फाट्याने बरेच खाली येऊन अन्नाला मिळतात. दोन फाटे एकत्र येऊन इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती होते, आणि ही जोडणी सेझार रू या स्विस सर्जनच्या नावाने ओळखली जाते. कप्पा एवढासा असल्यामुळे त्यात आम्ल फारसे तयार होत नाही, आणि पित्ताला वर येण्यासाठी लांब वाट चढावी लागते. माझ्या विटांवरचा इलाज तो होता.

या शस्त्रक्रियांचा इतिहास फार अभिमानाचा नाही, आणि तो वाचल्यामुळे मी अधिक सावध झाले. पन्नास ते सत्तरच्या दशकांत जठराला हात न लावता आतड्याचाच बहुतेक भाग वगळण्याचे ऑपरेशन होत असे. वजन झपाट्याने उतरे, पण कित्येकांचे यकृत निकामी झाले आणि शेवटी ती पद्धत टाकून द्यावी लागली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायका पुढे जाड होत नाहीत, हे आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले आणि त्यावरून त्यांनी व चिकाओ इटो यांनी १९६७ मध्ये जठराचा बायपास सुचवला. जठराच्या गळ्याभोवती घट्ट-सैल करता येणारा पट्टा बसवण्याची टूमही मध्यंतरी येऊन ओसरली. आज सर्वांत लोकप्रिय असलेली स्लीव्ह तर सुरुवातीला पूर्ण ऑपरेशन मानलीच जात नव्हती: अतिजाड रुग्णाला मोठे ऑपरेशन एका दमात झेपणार नाही म्हणून पहिला टप्पा तेवढा करायचा, आणि वजन उतरल्यावर दुसरा. पुष्कळ रुग्णांचे पहिल्या टप्प्यातच भागले आणि ते दुसऱ्या टप्प्याला आलेच नाहीत.

‘मिनी बायपास’ हा तिसरा पर्यायही माझ्यासमोर होता. अमेरिकेतल्या रॉबर्ट रटलेज यांनी तो १९९७ मध्ये सुरू केला आणि भारतात तो बराच रुळला आहे, कारण त्यात दोनऐवजी एकच जोड असतो, वेळ कमी लागतो आणि वजन व साखर दोन्ही चांगली उतरतात. डॉक्टरांनी मला तो दोन वाक्यांत नाकारला: त्यात पित्त जठराच्या नळीपाशीच येऊन मिळते. माझी तर मूळ तक्रारच खालचे वर येण्याची होती.

म्हणजे बायपास ठरलाच, असे मी धरून चालले होते. तेवढ्यात त्यांनी विचारले, “गुडघ्यांसाठी गोळ्या किती घेता?”

“कधीतरी,” मी म्हणाले.

यांनी माझी पर्स उघडली, आतून सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे काढली आणि टेबलावर ठेवली. एक अर्धे, एक पूर्ण भरलेले, आणि एक रिकामे, जे फेकायचे राहून गेले होते. वर्गात चार-चार तास उभे राहायचे, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जायचे. सकाळी एक आणि दुपारी एक गोळी हा माझा वर्षानुवर्षांचा नेम होता. डॉक्टर रागावले नाहीत. बायपासमधल्या आतड्याच्या जोडाला आम्लाची सवय नसते, आणि या गोळ्यांनी (तंबाखूनेही) तिथे अल्सर होतो, कधी तो फुटतो, एवढेच त्यांनी सांगितले. बायपास केला तर या गोळ्या बहुधा कायमच्या सोडाव्या लागतील. ज्यांना संधिवातासाठी त्या घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांना ते शक्यतो स्लीव्हच सुचवतात. एकीकडे जळजळ आणि दुसरीकडे गुडघे, असे माझ्या शरीरातले दोन पक्ष आमनेसामने आले, आणि त्यांच्यातला निवाडा कुठल्याही अभ्यासात छापलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “दोन आठवडे या गोळ्या बंद करून बघा. जमलं तर बोलू.”

त्या दोन आठवड्यांत दुखले. पण जमले.

बाहेरच्या बाकावर बार्शीकडचा एक मुलगा भेटला होता. वय सव्वीस, वजन १७१ किलो, टेम्पो चालवायचा. बाक दोघांचा होता आणि आम्ही दोघांनी मिळून तो पुरेपूर भरला होता. त्याचे स्लीव्हचे ठरले होते. माझ्यापेक्षा त्याचे वजन एवढे जास्त, मग त्याला ‘लहान’ ऑपरेशन का, असे मी न राहवून विचारले. त्याला लहानपणापासून फेफऱ्याच्या गोळ्या चालू होत्या. आतड्याची वाट बदलली तर गोळी किती शोषली जाईल याची शाश्वती राहत नाही आणि झटका स्टिअरिंगवर आला तर काय, असे डॉक्टरांनी त्याच्या आईला समजावले होते. शिवाय वजन फार असले की यकृतही चरबीने फुगलेले असते आणि पोटात काम करायला जागा अपुरी पडते; आधी स्लीव्ह करू, पुढे गरज पडली तर दुसरे पाहू, असा विचार होता. “आणि काकू, मी काय दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला येणारा माणूस नाय,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते आणि तपासण्या चुकवून चालत नाही. स्लीव्हनंतरही गोळ्या लागतात, पण तिथे हयगय केल्याची शिक्षा जरा उशिरा मिळते. त्याला आपल्या आळसाची किंमत ठाऊक होती. माझी पर्स यांनी उघडेपर्यंत मला माझी ठाऊक नव्हती.

दिवाळीनंतर माझे ऑपरेशन झाले. त्याआधी दोन आठवडे निव्वळ द्रव आहार होता, यकृत आकसावे म्हणून. रुग्णालयातल्या दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पोटावर पाच बारीक छिद्रे, दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालणे आणि औषधाच्या टोपणाने मोजून प्यायलेले पाणी. त्यानंतरचे महिने मात्र जिकिरीचे गेले. मुगाच्या कढणाची अर्धी वाटी संपवायला मला पाऊण तास लागे. जेवताना पाणी प्यायचे नाही, आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. आम्ही शाकाहारी, त्यामुळे पनीर, दही, डाळ आणि प्रथिनांची पावडर यांच्यावरच दिवस काढायचा. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. एकदा हळदीकुंकवाला दोन चमचे बासुंदी घेतली आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात पीळ असे होऊन त्याच घरातल्या पलंगावर आडवे व्हावे लागले. साखर झपकन आतड्यात उतरली की असे होते, हे मला सांगितलेले होते. यजमानीणबाईंना वाटले, मला दृष्ट लागली.

तीन वर्षांत २८ किलो उतरले आणि त्यातले तीन परत आले. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक सुटली, एक आहे. विटा ऑपरेशननंतर दीड महिन्याने काढल्या. त्या आता तुळशीच्या कुंडीखाली आहेत आणि फरशीवर त्यांचे डाग राहिले आहेत. माझ्या वगळलेल्या जठरात पुढे काही बिघडले, तर साध्या एंडोस्कोपीने ते दिसणार नाही. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी, घरात कुणाला जठराचा कर्करोग होता का, असे मला दोनदा विचारले गेले होते. तसे असते तर डॉक्टर बायपासला तयार झाले नसते. पोटात अचानक कळ आली तर घरी लिंबूपाणी पीत बसायचे नाही, आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते, हेही फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर यांच्या अक्षरात लिहिलेले आहे. पावसाळ्यात गुडघे अजून ठणकतात. मी पॅरासिटामॉल घेते, गरम पाण्याच्या पिशवीने शेकते, आणि औषधांच्या दुकानातला मुलगा सवयीने जुनी गोळी पुढे करतो ती परत त्याच्याकडे सरकवते. कधी कधी हात जरा रेंगाळतो.

गेल्या महिन्यात ठाण्याहून माझी भाची आली. वय अठ्ठावीस, १०८ किलो, बीएमआय ४२. २०२५ च्या मार्चमध्ये वजन उतरवणारी मौंजारोची इंजेक्शने भारतात आली तेव्हा तिने ती सुरू केली होती. नऊ किलो उतरले, पण दर महिन्याचा खर्च पेलेना म्हणून बंद केली, आणि भूक पुन्हा पहिल्यासारखी झाली. पुढच्या वर्षी तिचे लग्न आहे. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत, हे तिने आधीच वाचून ठेवले होते आणि तिकडच्या मंडळींना सांगूनही टाकले होते. मला तिचे कौतुक वाटले. पण ऑपरेशन कोणते, या प्रश्नावर तिने माझ्याकडे बोट दाखवले.

“मावशी, तू केलीस तीच करते. तुझं तर सगळं छान झालंय.”

मी तिला अहवालाच्या पाठीवरचे ते चित्र दाखवले. रात्री छातीत जळजळते का, कसल्या गोळ्या चालू आहेत, सिगारेट ओढतेस का, आजीला कुठला कर्करोग होता, असे सगळे विचारले, आणि ती हसत हसत ‘नाही, काही नाही, अगं नाही’ म्हणत राहिली. तिची एंडोस्कोपीही स्वच्छ निघाली होती. तिला माझे ऑपरेशन लागणारच नाही, स्लीव्हवर भागेल, असे माझ्या मनात येऊन गेले. त्या रात्री तिने साडेदहाला पावभाजी खाल्ली आणि लगेच आमच्या सपाट पलंगावर ती उताणी झोपली. ना ठसका, ना उठून बसणे. मला थोडा हेवाच वाटला. दोनच्या सुमारास मात्र मला जाग आली ती तिच्या घोरण्याने. घोरणे एकाएकी थांबले. मी मनात अंक मोजू लागले. वीसपर्यंत गेले तेव्हा कुठे तिने मोठा हिसका देऊन श्वास घेतला आणि पुन्हा घोरू लागली. तासाभरात हे कितीदा झाले ते मी मोजायचे सोडून दिले.

सकाळी चहाच्या वेळी मी विचारले, “तू रात्री अशी घोरतेस, मध्येच श्वास थांबतो, हे डॉक्टरांना सांगितलंस?”

“नाही गं,” ती बिस्किटाचा पुडा फोडत म्हणाली, “ते कशाला सांगायचं?”